२० फुटांचा पट्टा आणि १४ झाडं, अंतर किती ठेवू?

सुदामानगर, इंदूर
नमस्कार मंडळी, कंपाउंडच्या भिंतीलगत २० फूट लांब नि ४ फूट रुंद पट्टा आहे, दुपारी २ पर्यंत छान ऊन. काल नर्सरीतून १४ झाडं आणली, ४ जास्वंदी, २ तगर, ३ मोगरे, ३ एक्झोरा, अनंत आणि पारिजातक. नर्सरीवाला म्हणाला दीड-दीड फुटावर लावा, लवकर भरगच्च दिसेल. पण आधीच्या घरी असंच दाट लावलं होतं, तिसऱ्या वर्षी आतल्या जास्वंदीच्या फांद्या पांढऱ्या कापसासारख्या किडीने भरल्या, कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या, सासूबाईंना गणपतीला वाहायला एक धड फूल मिळेना, शेवटी उपटावी लागली. फार जीवावर आलं होतं. माती आपली नेहमीची काळी.

लोकमान्यनगर
ताई, पिशवीतलं रोप बघून अंतर ठरवूच नका, झाड मोठं झाल्यावर किती पसरतं ते बघा. जास्वंद नि साधी तगर ५ फूट सहज घेतात, मोगरा छाटून ठेवला तर अडीच. शेजारच्या दोन झाडांचा पसारा मिळवायचा आणि निम्मा करायचा, ते झालं बुंध्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर. म्हणजे जास्वंद-तगर ५ फूट, जास्वंद-मोगरा पावणेचार. तुमच्या पट्ट्यात जास्वंद, तगर, जास्वंद आणि ऊन जास्त त्या टोकाला २ मोगरे, एवढीच ५ झाडं बसतात. भिंतीपासून २ फूट सोडा, मे महिन्यात भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. पहिली दोन वर्षं मोकळं वाटेल, मधे तेरडा नि झेंडू टाका. वारा खेळला की ती पांढरी कीड कमी होते, दिसलीच तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल.

राजेंद्रनगर
वरचं सगळं बरोबर, फक्त एक्झोरा आणि अनंत जमिनीत लावू नका हो! आपल्या काळ्या मातीत चुना जास्त, झाडाला लोह घेता येत नाही. माझ्या अनंताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्यागार, जाळीच काढल्यासारखी, मी मेली पाणी कमी पडतंय म्हणून अजून पाणी घालत राहिले. आता कुंडीत लाल माती नि पालापाचोळ्याच्या खतात ठेवलाय, यंदा कळ्या धरल्यात. जमिनीतल्या झाडांसाठी वाफा वीतभर उंच करा, मुरूम मिसळा, पावसाळ्यात ही माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. खत विकत आणू नका, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ आपल्या इंदुरातच होते, पाला आणि शेणाचे थर देऊन वरखाली करायची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखतात, घरच्या कोपऱ्यातही जमते.

सुदामानगर, इंदूर
किती छान समजावलंत दोघींनी! आणि पारिजातकाचं?

लोकमान्यनगर
तो झुडूप नाही, १०-१५ फुटांचं झाड होतं, ओळीत घातलात तर खालच्या मोगऱ्याचं ऊन गेलं. मागच्या अंगणात एकटाच लावा, भोवती फरशी ठेवा, पहाटेचा सडा मातीत पडला तर वेचता येत नाही.

सुदामानगर, इंदूर
मागे धुण्याच्या दगडाजवळ जागा आहे, सासूबाईंची खिडकी तिकडेच. उरलेल्या २ जास्वंदी, तगर नि मोगरा शेजारच्या काकूंना देते, त्यांचं अंगण मोकळंच आहे. दोन चांगले पाऊस झाले की खड्डे घेते.