ग्राफवर लाइन रिकामी, तरी आयपी फोन तुटतात – क्यूओएससाठी (कोणता डेटा आधी सोडायचा ते ठरवण्यासाठी) मदत हवी आहे

सातपूरकर:
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. नाशिकचा प्लांट आणि पुण्याचं ऑफिस यांच्यात आयपी फोन (डेटा लाइनवरून चालणारे) आहेत. दुपारी आवाज तुटतो, अर्धं वाक्य गायब. लाइन १०० वरून ३०० एमबीपीएस केली, काडीचा फरक नाही. ग्राफ ३०-३५ टक्क्यांच्या वर जात नाही. राउटरवर व्हॉइसला प्रायॉरिटी दिलेली आहे. डिस्पॅचवाले रोज डोक्यावर बसतात. कुणी चालणारं कॉन्फिगरेशन देईल का?

निळी_केबल:
एवढ्यावरून काय देणार? प्लांटच्या आतले कॉल पण तुटतात का? फोन वायरचे की वायफायवरचे? दुपारी म्हणजे नक्की कधी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुटलेलं ऐकू कुणाला येतं, तुम्हाला की पुण्याला?

अण्णा_६५:
३०० मध्ये आजकाल काय होतंय? सरळ १ जीबीपीएस घ्या. आमच्याकडे घेतली आणि कटकट मिटली. क्यूओएसच्या नादी लागू नका.

घाटमाथा:
अण्णा, नाही पटलं. जी.७११ (आवाजाचा डेटा बनवायची पद्धत) चा एक कॉल इथरनेटवर एका दिशेला ८७ केबीपीएसच्या आसपास खातो. ३० कॉल धरले तरी पावणेतीन एमबीपीएस होत नाहीत. ३०० च्या लाइनवर त्यांना जागा नाही असं कसं म्हणता?

अण्णा_६५:
हिशोब पुस्तकात ठीक आहे. प्लांट चालवायचा असेल तर अनुभव बघा.

चैत्रपालवी:
घरच्या वायफाय राउटरमध्ये ‘गेमिंग मोड’ असतो, तो चालू ठेवला तर मुलांच्या ऑनलाइन क्लासला फायदा होतो का?

निळी_केबल:
ताई, त्याला वेगळा धागा काढा, नक्की उत्तर देतो. इथे सरमिसळ नको.

सातपूरकर:
फोन वायरचेच. प्लांटच्या आत आवाज स्वच्छ. आम्हाला पुण्याचं नीट ऐकू येतं, त्यांना आमचं तुटतं. २ च्या सुमारास सुरू होतं. तेव्हा ड्रॉइंगचा बॅकअप पुण्याला जातो, पण तो कित्येक वर्षं जातोय. हं, मार्चमध्ये तो सर्व्हर १० जीच्या (जीबीपीएस) पोर्टवर घेतला. राउटरचा बाहेरचा पोर्ट १ जी. ईएफ मार्किंगची (म्हणजे ‘आधी सोडा’ अशी खूण असलेली) पॅकेट प्रायॉरिटी क्लासमध्ये दिसतात, ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेट) शून्य.

घाटमाथा:
तो शून्यच सगळं सांगतोय! पोर्ट १ जीचा, विकत घेतलेली लाइन ३०० ची. राउटरच्या दृष्टीने कधी गर्दीच होत नाही, म्हणून रांग लागत नाही आणि प्रायॉरिटी नुसती कागदावर राहते. बॅकअपचा झटका ३०० च्या वर गेला की पुढे प्रोव्हायडरचं उपकरण जादा पॅकेट टाकून देतं. ते तुमचं मार्किंग पाळत नसेल तर फोनची पॅकेटही त्यात जातात. ग्राफ ५ मिनिटांच्या सरासरीचा असणार. दीड मिनिट लाइन तुडुंब आणि बाकी वेळ रिकामी, तरी तो ३० टक्केच दाखवणार.

बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकला २८५ वर शेपिंग करा (म्हणजे राउटरनेच वेग तिथे रोखून जादा पॅकेट रांगेत थांबवायची) आणि व्हॉइसची प्रायॉरिटी त्या शेपरच्या आत टाका. रांग तुमच्या राउटरमध्ये लागू दे, तरच फोनला पुढे काढता येईल.

पेंग्विनप्रेमी:
त्यापेक्षा लिनक्सचा बॉक्स लावून एफक्यू-कोडेल (रांग आपोआप आटोक्यात ठेवणारी पद्धत) चालवा. निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल मांडला तोच मुळी बफर (पॅकेट थांबायची जागा) फुगून होणाऱ्या विलंबासाठी. क्लास बनवायची गरजच नाही.

घाटमाथा:
कोडेल मलाही आवडतो. पण शेपिंग नसेल तर तोही रिकाम्या रांगेवर बसून राहील. अडचण आधी आपल्या ताब्यात आणावी लागते.

अण्णा_६५:
म्हणजे ३०० चे पैसे भरून २८५ वापरायचे?

निळी_केबल:
हो अण्णा. ते १५ सोडल्यामुळे कोणतं पॅकेट थांबवायचं हे आपण ठरवतो, प्रोव्हायडर नाही. १ जीच्या लाइनवर १ जीचाच पोर्ट असतो, तिथे हा प्रश्न निराळा होतो. तुमचा अनुभव खरा असेल, कारण वेगळं असेल.

सातपूरकर:
आज लावलं. २ वाजता बॅकअप चालू असताना डिस्पॅचच्या टेबलावरून पुण्याला फोन केला, गाडी नंबर एकदाही परत विचारावा लागला नाही. प्रायॉरिटी क्लासमध्ये ड्रॉप शून्य, बॅकअपच्या क्लासमध्ये आता दिसतायत. बॅकअप उलट लवकर संपला. घाटमाथा, निळी_केबल, मनापासून आभार.

निळी_केबल:
छान. पुण्याच्या राउटरवरही तेच लावून घ्या. उद्या तिकडून फायली रिस्टोर करायची वेळ आली तर झटका उलट दिशेने येईल.