दहावी अर्धी सोडून मुलीला इंग्लंडला न्यावं का?

मिरजेची_आई

नमस्कार. आमचे हे मिरजेत स्टाफ नर्स होते, आता लीड्सला एका सरकारी हॉस्पिटलात रुजू झालेत. मी आणि मुलगी ऑगस्टअखेर जायचं ठरलंय, तिकिटंही काढून झाली. मुलगी दहावीत आहे. शाळा मराठी, गणित-विज्ञान तेवढं सेमी इंग्रजीतून. क्लासची वर्षाची फी भरलीय (ती परत मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको).

तिचा जन्म डिसेंबर २००९ चा. म्हणजे तिकडे वयाप्रमाणे थेट इयर ११ मध्ये, जीसीएसईच्या (तिकडची दहावीसारखी परीक्षा) शेवटच्या वर्षात. परीक्षा मे-जूनमध्ये. बाकीची मुलं तोच अभ्यास इयर १० पासून करतायत आणि हिच्या हातात नऊ महिने. हे म्हणतात, शाळेला सांगून एक वर्ष मागे बसवू. दीर म्हणतात, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन बोर्डाचीही परीक्षा देईल. सासूबाई म्हणतात, पोरीला माझ्याकडे ठेवा. मुलगी काहीच म्हणत नाही. जेवते, क्लासला जाते. परवा बसून भूमितीच्या नव्या वहीला कव्हर घालत होती. ते बघून मला रात्रभर झोप नाही.

ऐन याच वर्षात कुणी मुलं नेली आहेत का?

रेडिंगचा_कोल्हापूरकर

ताई, आम्ही मुलाला जानेवारीत नेलं, इयर १० च्या मधोमध. आधी पत्ता लागतो. घर भाड्यानं मिळेपर्यंत शाळेचा अर्जच पुढे सरकेना. मग जवळच्या शाळेत जागा नाही, दोन बस बदलून जायचा.

गणितात पोरगा पहिल्याच आठवड्यात हिरो. तीन पेपरांतला पहिला कॅल्क्युलेटरशिवाय असतो. तिकडच्या पोरांना धडकी भरते, आपल्याला पाढे पाठ. मार खाल्ला तो इंग्रजी लिटरेचरमध्ये. शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली कादंबरी, एखादं अलीकडचं नाटक किंवा कादंबरी, वर कवितांचा गठ्ठा, आणि परीक्षेला पुस्तक जवळ नाही. वाक्यं तोंडपाठ हवीत. बरं, पाठ करूनही भागत नाही, लेखकानं नेमका हाच शब्द का घातला ते लिहायचं. आपल्या 'संदर्भासह स्पष्टीकरणा'चा आजोबा आहे तो.

शिवाय आपल्यासारखं एक बोर्ड नाही. एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर... कुठल्या विषयाला कुठलं ते शाळा ठरवते. शेजारच्या शाळेतल्या मित्राच्या नोट्ससुद्धा चालत नव्हत्या. एक वर्ष मागे बसवा म्हणून आम्हीही हात जोडले होते. 'वयाप्रमाणेच' असं उत्तर आलं. शाळेची मर्जी असते ती, त्यावर बेत आखू नका.

निकाल सांगतो: गणित ८, इंग्रजी भाषा ४, लिटरेचर ३. सगळ्यात वरची ग्रेड ९, आणि ४ म्हणजे काठावर पास समजा. त्याला दीड वर्ष मिळालं होतं. नऊ महिन्यांसाठी मी नेलं नसतं.

निवृत्त_मास्तर

दीरांचा सल्ला ऐकू नका. १७ नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांसाठी आहे. तिकडच्या सराव परीक्षा, इकडची बोर्डाची परीक्षा, मधे विमान. दोन दगडांवर पाय ठेवून पोरगी पाण्यात पडेल. आणि निर्णय पक्का होईपर्यंत शाळेतून दाखला काढू नका. काढणं एका दिवसाचं काम, परत प्रवेश घेताना चपला झिजतात. दहावीचं सर्टिफिकेट आपल्याकडे जन्मभर कुठे ना कुठे मागतात, ते हातात असू द्या.

थंडीत_भाकरी

काकू, मी तुमच्या मुलीच्या जागेवर होते. साताऱ्याहून दहावी संपवून एप्रिलमध्ये गेले. सप्टेंबरपासून इयर १२, ए लेव्हलचे (तिकडची अकरावी-बारावी) तीन विषय. कॉलेजनं दहावीचं गणित मान्य केलं, इंग्रजी मात्र जीसीएसईचं द्यायला लावलं. ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा देता येतं, दुसऱ्या खेपेला सुटले. एप्रिल ते ऑगस्ट मात्र घरात बसून वेड लागायची पाळी. लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा.

एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटीची होम फी, म्हणजे तिथल्या कायमच्या रहिवाशांची फी, २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड. बाबा वर्क व्हिसावर असेपर्यंत आपल्याला सहसा इंटरनॅशनल फी लागते, ती दुप्पट-तिप्पट. होम फीसाठी कायमच्या वास्तव्याची परवानगी हवी आणि कोर्सआधीची तीन वर्षं तिथेच राहिलेलं हवं. ती अठराची होईल तेव्हा काकांना ती परवानगी मिळालेली नसेल, म्हणजे ऑगस्टमध्ये जा की एप्रिलमध्ये, या बाबतीत फरक पडत नाही. 'लवकर नेलं की फायदा' म्हणणाऱ्यांना हे विचारा. माझ्या फीसाठी बाबा अजून ओव्हरटाइम करतात.

आणि तिला विचारलंत का? मला कुणी विचारलं नव्हतं.

मिरजेची_आई

सगळ्यांचे आभार. फीचं खरंच माहीत नव्हतं, ह्यांनाही नसणार.

काल भाकऱ्या करताना विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला भूमितीचा पेपर द्यायचाय." थोड्या वेळानं पुन्हा आली आणि म्हणाली, आजीकडे एकटी नाही राहणार, तू पण थांब.

तिकिटं रद्द केली तर निम्मे पैसेही परत येत नाहीत, सकाळी चौकशी केली. दाखल्याचा अर्ज कपाटात ठेवलाय. ह्यांची आज रात्रपाळी आहे, उद्या झोप झाली की सांगते.