मदत हवी आहे: माळासाठी सुधारित मारवेल, आणि संकरित नेपियरचं 'बी'

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात कोरडवाहू शेती आहे. दावणीला दोन संकरित गाई, एक खिलार आणि पाच-सात शेळ्या. विहिरीकडेला दहा गुंठे संकरित नेपियर (बाजरी आणि नेपियर गवताच्या संकराचं चारागवत), वर दीडेक एकर माळ, त्यावर निव्वळ कुसळी गवत. विचारायचं दोन्हीबद्दल आहे, पण खरं अडलंय ते माळाचं.

आधी नेपियर. फोनवर एक जण 'सुपर नेपियरचं बी' विकतोय, अस्सल थायलंडचं म्हणे. आता बाजरीची गुणसूत्रं १४, नेपियरची २८, दोघांच्या संकराची २१. जोड्या जुळत नाहीत, म्हणून तुरा आला तरी दाणा भरत नाही. फुले जयवंत असो, बायफ संस्थेचा बीएनएच-१० असो की कोइमतूरचा को-५, सगळे वाण कांडीनं नाहीतर ठोंबानं लावतात. मग हे पाकिटातलं बी कशाचं?

दुसरं, नेपियर आल्यापासून जनावरांची पोटं भरतात, दूध मात्र आहे तिथंच. जाहिरातीत उंची आणि टन याशिवाय कुणी बोलत नाही. डोक्यावर गेलेल्या गवताची कुट्टी घातली की गाई पाला उचलतात, कांड्यांचे तुकडे गव्हाणीत तसेच; सकाळी शेणाबरोबर उकिरड्यात. कोवळं घालावं तर ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. पाला जास्त आणि ऑक्झॅलेट कमी असा वाण कुणी लावलाय का?

आता माळ. कुसळी निसवायच्या आत कापली तर ठीक, नंतर कुसळं शेळ्यांच्या तोंडात रुततात. राहुरीच्या विद्यापीठाच्या 'फुले मारवेल ०६-४०' या मारवेल गवताच्या वाणाबद्दल ऐकून आहे. मुरमाड रानात, पाण्याशिवाय टिकेल? बी पेरायचं की ठोंब? घरचं बी धरलं तर वाण बिघडतो का, संकरित बाजरीसारखा?

प्रतिसाद १
दादा, पाकीट घेऊ नका. बाजरीवर नेपियरचा पराग घालून पहिल्या पिढीचं बी करता येतं, पण त्यातलं झाडन् झाड वेगळं निघतं. वाण म्हणजे त्यातून निवडलेलं एकच झाड, कांडीनं वाढवलेलं. दुधाचं म्हणाल तर पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर ४०-४५ दिवसांनी. थांबलात की कांड्या निबर आणि प्रथिनं कमी. सोबत लसूणघास आणि खनिज मिश्रण हवंच.

प्रतिसाद २
मारवेलचं उलटं. त्याचं बी बहुतेक करून फलनाविना धरतं, रोप आईसारखंच येतं, त्यामुळे घरच्या बियाण्यानं वाण सहसा बिघडत नाही. पण म्हणूनच अशा गवतांत संकर अवघड. रानोमाळचे नमुने जमवायचे आणि त्यातला चांगला निवडायचा, सुधारणा बरीचशी हीच. अंजन गवताचं बीही असंच फलनाविना धरतं. टेक्सासात १९६०च्या आसपास फलनानं बी धरणारं अंजनचं झाड हाती लागलं, तेव्हा कुठे तिकडे संकराला वाट मिळाली.
पेरू मात्र नका. बी हलकं, लवदार, उगवण बेभरवशाची. ओल खोल गेली की ठोंब लावा, पहिलं वर्ष कापून घाला, जनावरं सोडू नका. कुसळी आधी खणून काढा, नाहीतर ती मारवेलला वर येऊ देणार नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. पाकीटवाल्याला नाही म्हणून कळवलं. दीड एकराला पुरतील एवढे ठोंब एकदम परवडणार नाहीत. यंदा विहिरीकडेला दोन सऱ्या मारवेल वाढवून पुढच्या पावसाळ्यात ते फोडून माळावर नेले तर चालेल? आणि मधल्या ओळीत स्टायलो (शेंगवर्गातलं चारापीक) टाकला तर शेळ्या खातील का?