नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात तुम्ही काय अनुभवलंत?

आमच्या नांदेडात पाहुणा आला की शेजारची काकू दुसऱ्या दिवशी विचारणारच, "गुरुद्वारा करून आलात का?" दहावे गुरू गोविंदसिंगजी यांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. त्याआधी, यापुढे ग्रंथसाहिब हाच गुरू, असं त्यांनी शिखांना सांगितलं. अंत्यसंस्काराच्या जागेवर महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात आजची वास्तू उभी करवली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, हे एक. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं. मला ऐकायचंय ते तुमचं स्वतःचं. सुरुवात मी करतो.

दहावीच्या सुट्टीत आजोबांनी एकदा भल्या पहाटे उठवून नेलं. अंधारच होता. गोदावरीचं पाणी गागरीत भरून सेवादार येत होते. आतला गाभारा, म्हणजे अंगीठा साहिब, रोज याच पाण्याने धुतात. लोक दोन्ही बाजूंना सरकून हात जोडून उभे राहिले. गागर समोरून गेली आणि फरशीवर पाण्याचे चार थेंब पडले. आजोबांनी वाकून ते बोटाने टिपले आणि माझ्या डोळ्यांना लावले. त्याच नदीवर मी अख्खी सुट्टी पोहत होतो. त्या दिवशी मात्र काठावर जाऊन आधी नमस्कार केला, मग पाण्यात उतरलो.

---

परभणीहून लिहितेय. माझी आजी माळकरी. माहेर नरसीजवळचं, त्यामुळे नामदेव महाराज म्हणजे तिच्या घरचेच. देऊळ सोडून दुसरीकडे तिने कधी डोकं टेकवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. भाच्याच्या लग्नाला नांदेडला गेलो तेव्हा तिला आग्रह करून आत नेलं. कीर्तन चालू होतं, ती भिंतीला टेकून बसली. मध्येच तिने माझा हात घट्ट धरला. "नामदेव म्हणाले का गं ते?" शेजारच्या वृद्ध सरदारजींनी ऐकलं. त्यांनी सांगितलं, "माताजी, नामदेवजींची बाणी आमच्या ग्रंथसाहिबात आहे. एकसष्ट पदं." आजीने पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि जमिनीला कपाळ लावलं. बराच वेळ उठली नाही.

नंतर लंगरला पंगतीत बसलो. "परशादा जी, परशादा जी" म्हणत सेवादार पोळी वाढत आले. आजीने वारीतल्या सवयीने ताट पुढे केलं, तर ते थांबले आणि म्हणाले, दोन्ही हात पुढे करा. ओंजळीत गरम पोळी पडली. पोळीलाच प्रसाद म्हणायचं आणि प्रसादासारखी ती दोन्ही हातांनी घ्यायची, हे आजीला फार आवडलं. डाळ दोनदा मागून घेतली. आजी जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या घरी अजूनही पहिली पोळी आम्ही ओंजळीत घेतो.

---

माझा अनुभव गुरुद्वाऱ्याच्या बाहेरचा, पण त्याच वाटेवरचा. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेसने पहिल्यांदा निघालो होतो. वाटेत एका स्टेशनवर गाडी थांबली न थांबली तोच फलाटावर बादल्या घेऊन माणसं धावत आली. डब्यातले नेहमीचे प्रवासी आधीच आपापली भांडी काढून दारात उभे. माझ्याजवळ काहीच नव्हतं. समोरच्या बाईंनी स्वतःच्या डब्याचं झाकण माझ्या हातात दिलं. कढी-भात मिळाला. पैसे काढले तर वाढणाऱ्या मुलाने नुसतीच मान हलवली आणि तो पुढच्या खिडकीकडे गेला. आता त्या गाडीने जायचं असलं की बायको सगळ्यात आधी एक रिकामा डबा भरते. हो, रिकामा डबा "भरते" असंच आम्ही म्हणतो.

---

होळीच्या दुसऱ्या दिवशीचा होला-महल्ला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. मिरवणुकीत नगारे, घोडे, उघड्या तलवारी, "बोले सो निहाल"चा घोष. हल्ला बोल झाला, गर्दी एकदम पुढे धावली आणि त्याचा हात सुटला. चूक माझीच, मी फोनवर चित्रण करत होते. ती दहा मिनिटं आठवली की आजही पोटात गोळा येतो. मग गर्दीच्या वर, एका निहंगाच्या, म्हणजे शस्त्रधारी शीख योद्ध्याच्या, खांद्यावर तो दिसला. हातात खडीसाखर. त्या निळ्या चोळ्यातल्या बाबांनी त्याला माझ्याकडे देताना मला एक शब्दही सुनावला नाही. त्याच्याच डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शेर है." त्या शब्दावर तो पुढे दोन वर्षं अंधारात एकटा जायचा.

---

वरचं सगळं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी इथलाच, दखनी शीख. आमचे पूर्वज पंजाबातून आले, आम्ही मात्र शाळेत मराठीच शिकलो आणि भांडतोही मराठीतच. लोक दुपारी येतात, दर्शन घेतात आणि निघतात, याचं वाईट वाटतं. संध्याकाळी थांबा. आरतीनंतर गुरूंच्या काळातली शस्त्रं एकेक करून संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, दाखवतात. प्रत्येकाची ओळख सांगतात. माझे वडील ती ओळख पुटपुटत पाठोपाठ म्हणायचे, आता मी म्हणतो.

आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असतं, ते चुकवू नका. तख्त धुतलं जातं, शस्त्रं साफ होतात. त्या दिवशी फक्त सेवादारांनीच पाणी आणायचं असं नसतं, संगतच नदीवर जाते. शीख, मराठी, कुणीही. गागर, हंडा, प्लास्टिकची बादली, ज्याला जे मिळेल ते. आमच्या गल्लीतल्या देशपांडे आजी तांब्या घेऊन यायच्या, तेवढंच झेपायचं त्यांना. पाणी ओतून झालं की ओल्या पायऱ्यांवर बसायच्या आणि आईशी गप्पा मारायच्या.

पहिल्या पोस्टमधल्या दादा, तुमच्या आजोबांनी डोळ्यांना लावलेलं पाणी यंदा तुम्ही स्वतः घेऊन या. भांडं नसलं तर आमच्याकडची कळशी देतो.