दुसऱ्या पसंतीची मते: न्याय की हातचलाखी?

अमळनेरकर:
काल येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले, की अमेरिकेतल्या अलास्का राज्याप्रमाणे पसंतीक्रमाचे (उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहून करायचे) मतदान विधानसभेला आणल्यास ‘हरलेलेच निवडून येतील’. खानदेशातल्या माणसाने असे लिहावे, याचा राग आला. विधान परिषदेवरचा नाशिक विभागाचा पदवीधर आमदार आपण पदवीधर मतदार याच पद्धतीने निवडतो: वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतांचा कोटा कोणीच गाठला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत चिंतामणराव देशमुखांची मते अशीच वाटली गेली, आणि तरीही पहिल्या मोजणीत पुढे असलेले व्ही. व्ही. गिरीच विजयी झाले.

शिरपूरकर:
तो सद्गृहस्थ मीच. उदाहरण सोयीचे निवडलेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्याच मेन राज्यात संसदेच्या एका जागेसाठी पहिल्या मोजणीत पुढे असलेले पोलिक्विन पुढच्या पसंतीच्या मतांवर गोल्डन यांच्याकडून हरले. अलास्कात तर प्राथमिक फेरीतून पक्ष न पाहता पहिले चौघे पुढे जातात. तेथे ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेच्या जागेसाठी पेल्टोला, पेलिन आणि बेगिच यांच्यात बेगिच तिसरे म्हणून बाद झाले. मात्र त्याच मतपत्रिकांनुसार पेल्टोला किंवा पेलिन यांच्याशी थेट लढत झाली असती, तर दोन्ही वेळा बेगिचच जिंकले असते. याला न्याय म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

चोपडेकर:
आधी यादीत नाव तर येऊ द्या! पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने करतात, आधी भरलेला नमुना १८, म्हणजे नावनोंदणीचा अर्ज, चालत नाही. गेल्या खेपेस पदवीच्या साक्षांकित प्रतीसह अर्ज देऊन मी पोच घेतली. यादीत पत्नीचे नाव आले, माझे नाही.

नंदुरबारकर:
पोच होती, तर प्रारूप यादीवर हरकत का घेतली नाहीत? आम्हा शिक्षकांनाही शिक्षक मतदारसंघाच्या यादीसाठी नमुना १९ पुन्हा भरावाच लागतो.

चोपडेकर:
केळीची काढणी सोडून यादी पाहायला तहसीलला खेटे घालू काय? पगारी माणसाने हे शिकवू नये.

नंदुरबारकर:
पगार काढण्याचे कारण नव्हते. नाव असूनही मत वाया घालवणारे काय कमी आहेत?

शिरपूरकर:
आहेत, आणि आमच्याच घरात आहेत. माझ्या पदवीधर थोरल्या बंधूंनी जांभळ्या पेनने १ हा आकडा लिहिण्याऐवजी बरोबरची खूण केली आणि मत बाद झाले.

अमळनेरकर:
मेनमध्ये पोलिक्विन यांना पहिल्या मोजणीत निम्मी मतेही नव्हती, हे आपण गाळलेत. बेगिच यांच्याबाबत मात्र उत्तर नाही, अभिनंदन स्वीकारावे.

शिरपूरकर:
स्वीकारले. आता एकच बटण दाबायच्या मतदान यंत्रावर पसंतीक्रम कसा नोंदवणार, तेवढे सांगा.