‘डेट्रॉइटच्या मराठी माणसांनी मराठी खासदार दिला’ म्हणे. कुठल्या मराठी माणसांनी?

ओकलंडकरीण

काल शाळेच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. भगवी चौकट, श्री ठाणेदारांचा ('श्री' हे नावच) फोटो आणि खाली: "डेट्रॉइटच्या मराठी बांधवांनी एकजुटीने मतदान करून आपला माणूस अमेरिकेच्या संसदेत पाठवला. मुंबईत हे कधी होणार?" तिघांनी हात जोडले, एकाने जय महाराष्ट्र केलं. मी लिहिलं, "एकवीस वर्षं इथे आहे, त्यांना एकदाही मत दिलेलं नाही." लगेच एक वर्गमैत्रीण, "का गं, एवढा कसला राग?"

राग नाही बाई, खासदारकीला ते माझ्या मतपत्रिकेवरच नसतात!

आपण डेट्रॉइट-डेट्रॉइट करतो, पण राहतो ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत. ट्रॉय 11व्या मतदारसंघात, नोव्हाय आणि कँटन 6व्यात. ठाणेदारांचा 13वा म्हणजे डेट्रॉइट शहराचा मोठा तुकडा, पूर्वेला तळ्याकाठची ग्रोस पॉइंटची श्रीमंत गावं, शहराच्या पोटात बसलेली हॅमट्रॅमिक आणि हायलंड पार्क, आणि खाली टेलर, रोम्युलस. विमानतळ रोम्युलसला आहे. म्हणजे आपला तेराव्याशी संबंध किती, तर आईवडिलांना आणायला जातो तेवढा.

आणि "एकजूट" तर नाहीच नाही. 2022च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) नऊ जण उभे होते. ठाणेदारांना 28 टक्के, दुसऱ्या क्रमांकाच्या ॲडम हॉलियरना साडेतेवीसच्या आसपास. बाकीची मतं सात जणांत वाटली गेली. इथे प्रायमरीला दुसरी फेरी नसते. आपल्याकडे ज्याला मतविभागणी म्हणतात ती ही. ते दुसऱ्यांच्या फुटीमुळे आले, आपल्या एकीमुळे नाही.

फणसपोळी

आलात? मराठी माणूस वर गेला की पाय ओढायला मराठी माणूसच लागतो. बेळगावातल्या गरिबीतून शिकून आलेला माणूस, 1979ला अमेरिकेत, ॲक्रनला पीएचडी, स्वतःची कंपनी. ज्या शहरात शंभरातले पाऊणशेहून जास्त लोक कृष्णवर्णीय, तिथे ज्याचं आडनाव कुणाला धड उच्चारता येत नाही त्याने निवडून यायचं, आणि तुम्ही म्हणणार मतविभागणी. मग 2024ला काय झालं? तेव्हा प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं होती. तेव्हा कोण फुटलं होतं?

न्यू जर्सीत आमच्याकडे गुजराती बघा, कसे एका सुरात असतात. आमच्या मंडळात गणपतीच्या आरतीच्या वेळेवरून दोन गट झालेत.

ओकलंडकरीण

2024ला हॉलियर मतपत्रिकेवरच नव्हते हो. हजार वैध सह्या लागतात, गोळा करायला नेमलेल्या लोकांनी खोट्या सह्या घातल्या, अर्ज बाद. हा भाग फॉरवर्डमध्ये येत नाही.

गणिती_गण्या

दोघींचंही अर्धंच. "मतविभागणी झाली" म्हणजे आभाळातून पडली का? आधी नकाशा बघा.

1950ला डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख. 2020च्या जनगणनेत 6 लाख 39 हजार. मिशिगनच्या एका मतदारसंघात माणसं लागतात पावणेआठ लाख. म्हणजे अख्खं शहर ओतलं तरी एक मतदारसंघ भरत नाही. त्यात राज्याची एक जागा गेली, 14च्या 13 झाल्या. मग शहर दोन तुकड्यांत कापून प्रत्येकाला उपनगरं जोडली, पश्चिमेचा 12वा आणि पूर्वेचा 13वा. दोन्हींत कृष्णवर्णीय मतदार निम्म्याच्या थोडे खाली आले. जुन्या तेराव्याच्या खासदार रशीदा तलैब बाराव्यात गेल्या, तेरावा रिकामा राहिला, जुन्या चौदाव्याच्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली. रिकामी खुर्ची दिसली की नऊ जण धावणारच.

परिणाम काय, तर 1955च्या जानेवारीत चार्ल्स डिग्ज अमेरिकन काँग्रेसमध्ये (संसदेत) गेले तेव्हापासून डेट्रॉइटचा एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे होता. मधे जॉन कॉनयर्स तर 1965 ते 2017. ती साखळी 2023च्या जानेवारीत तुटली. आपला फॉरवर्ड ज्या दिवसाचा जल्लोष करतो, तो दिवस त्या गावात पुष्कळांना सुतकासारखा गेला.

शेंगदाण्याची_फोलं

नकाशा राजकारण्यांनी कापला असेल, दुसरं काय.

गणिती_गण्या

नाही ना, तीच तर गंमत. 2018ला मतदारांनीच प्रस्ताव मंजूर केला, 61 टक्क्यांनी, की आमदारांनी सीमा आखायच्या नाहीत. तेरा सामान्य नागरिकांचा आयोग, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले, अर्जांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले. सगळं स्वच्छ, सगळं लोकांसमोर. आणि 2023च्या डिसेंबरात फेडरल कोर्टाने त्याच आयोगाचे डेट्रॉइटकडचे राज्य विधिमंडळाचे तेरा मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द केले. काँग्रेसच्या नकाशाला हात लागला नाही, पण हेतू शुद्ध असला की रेघ शुद्ध निघते असं नाही.

ओकलंडकरीण

आधीचा नकाशा काय सोवळ्यातला होता? 2022पर्यंत मी फार्मिंग्टन हिल्सला होते. तेव्हा मी चौदाव्यात, आणि तोच चौदावा ग्रोस पॉइंटपासून निघून, डेट्रॉइटमधून वळसा घेत, साउथफील्ड करत पार पाँटिॲकला जायचा. वळवळणारा दुतोंड्या. रिपब्लिकनांनी मुद्दाम कृष्णवर्णीय मतं एकाच पोत्यात कोंबली, म्हणजे आजूबाजूच्या जागा त्यांना मोकळ्या. माझ्यात आणि तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांत साम्य एवढंच, की दोघांनाही आपला मतदारसंघ सांगता यायचा नाही.

टिळकवाडीकर

सगळं वाचलं बघा. पण वर ताईंनी "बेळगावातल्या गरिबीतून" लिहिलंय आणि त्या फॉरवर्डमधे "महाराष्ट्राचा सुपुत्र" असतंय. इंग्रजी पेपरवाले "कर्नाटकात जन्म" लिहितात. काय ओ, आमचं नक्की करा की एकदा.

ठाणेदार जन्मले चिकोडीत, 1955च्या फेब्रुवारीत. तेव्हा चिकोडी मुंबई राज्यात होती. 1 नोव्हेंबर 1956ला आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात टाकला. कर्नाटक हे नाव तर 1973चं. म्हणजे माणूस पाळण्यातून उठला नाही, तोवर राज्य बदललं. सीमेनं माणसाचं काय होतंय ते आम्हाला शिकवू नका.

गणिती_गण्या

झालं. सीमाप्रश्न आला. आता धागा संपला.

टिळकवाडीकर

का संपला? तुम्ही पुण्यात बसून डेट्रॉइटच्या रेघा मोजता, त्या चालतात. साडेतीनशे किलोमीटरवरच्या आमच्या नको? महाजन आयोग 1966ला नेमला, मागणी महाराष्ट्राची, आणि 67ला अहवाल आला तेव्हा बेळगाव तिकडंच. मग महाराष्ट्रालाच नामंजूर. खटला 2004पासून सुप्रीम कोर्टात पडलाय. आणि पुण्याचा माणूस विचारतो, "बेळगाव म्हणजे ते कुंद्याचं ना?"

गणिती_गण्या

मी कुंदा म्हणालोय का कुठे? विषय तेराव्या मतदारसंघाचा आहे. प्रत्येक धाग्यावर हेच करता तुम्ही. मागे एकदा भरल्या वांग्याच्या धाग्यावरही महाजन आयोग आणला होतात.

टिळकवाडीकर

वांगी आमच्याकडची चांगली म्हणून आणला होता.

मतदारसंघाचंच बोलू मग. 1996ची लोकसभा. महाराष्ट्र एकीकरण समितीनं ठरवलं, दिल्लीला ऐकू जात नाही तर उमेदवारच इतके उभे करायचे की मतपत्रिका छापताना दम निघावा. बेळगावात एकूण 456 उमेदवार. चारशे छप्पन! माझे वडील शिक्षक, निवडणुकीच्या ड्यूटीवर. मतपत्रिका कसली ओ ती, चोपडीच. म्हातारी माणसं आत जायची, पानं उलटत बसायची, बाहेर यायची आणि विचारायची, "मास्तर, आपला कुठला?" आपलेच तर सगळे होते! घडी घातली तर पेटीच्या फटीत जाईना. वडिलांनी पट्टीनं ढकलून ढकलून आत घातल्या, रात्री घरी आले तेव्हा अंगठा सुजला होता. आईनं हळद लावली. निवडून आला जनता दलाचा.

तुमच्या डेट्रॉइटात नऊ जणांनी मतं फुटली म्हणता. नऊ? आम्ही स्वतःच्या हातानं फोडलीत, ठरवून.

शेंगदाण्याची_फोलं

हे मात्र कबूल. जगाच्या पाठीवर हरण्याचं इतकं नियोजन कुणी केलं नसेल.

टिळकवाडीकर

हसा. पण त्यानंतर त्याच वर्षी कायदा बदलला. अनामत पाचशेची दहा हजार झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. आमच्यासारखाच प्रताप तमिळनाडूत मोडकुरिचीला आणि आंध्रात नलगोंड्याला झाला होता. सगळ्यांनी मिळून दिल्लीला हलवलं. आणि 2021च्या पोटनिवडणुकीत समितीच्या पोराला लाखावर मतं पडली, भाजप आणि काँग्रेसमधला फरक पाच हजारांचा. पडलो तरी कोण जिंकणार ते आम्ही ठरवतो.

गणिती_गण्या

म्हणजे तिसरा राहून दुसऱ्यांचा निकाल ठरवायचा. अभिनंदन. असो, पाच हजारांचा आकडा तपासला, बरोबर आहे. तेवढं मागे घेतो. भरल्या वांग्यांचं नाही.

फणसपोळी

मुद्दा सोडून किती भरकटलात. मी विचारते ते सरळ सांगा: एका मराठी मुलाला, जो चिकोडीत जन्मला (राज्य कुठलंही असो!), अमेरिकेत खासदार म्हणून बघून अभिमान वाटला तर त्यात काय चुकलं?

ऑल्टर_रोड

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी तेराव्यात राहतो. मराठी आहे. मतदार आहे. म्हणजे तुमच्या फॉरवर्डमधली "एकजूट" मीच, एकटा.

आधी हायलंड पार्कात भाड्याने होतो. फोर्डची सरकती जुळणी-साखळी 1913ला जिथे सुरू झाली ते गाव. 2011ला गावाला विजेचं बिल भागेना, तेव्हा रस्त्यावरचे दिवे खांबांसकट उपटून नेले होते. मी राहायला गेलो तेव्हाही आमच्या गल्लीत खांबाच्या जागी काँक्रीटचे बुंधे होते. हिवाळ्यात पाचला अंधार, आणि माझी शेजारीण पोर्चचा दिवा रात्रभर चालू ठेवायची, "बससाठी उभ्या पोरांना दिसलं पाहिजे" म्हणून. तिचं बिल तीच भरायची.

नागरिक झाल्यावर माझं पहिलं मोठं मतदान 2018चं. कॉनयर्सनी राजीनामा दिला होता, त्यामुळे एकाच मतपत्रिकेवर एकाच जागेसाठी दोनदा मत द्यायचं होतं. एकदा उरलेल्या काही आठवड्यांसाठी, एकदा पुढच्या दोन वर्षांसाठी. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, छोट्या मुदतीला ब्रेंडा जोन्स निवडल्या आणि पूर्ण मुदतीला रशीदा तलैब. मी पण तसंच केलं होतं. कारण विचाराल तर लाज वाटते: पहिल्या यादीत नाव वर दिसलं, दुसरीत वाचून दिलं. तेव्हा "लोकांनी कौल दिला" वगैरे वाचलं की मला माझं पेन आठवतं.

आता ग्रोस पॉइंट पार्कला आहे. ऑल्टर रोड म्हणजे हद्द. एका बाजूला डेट्रॉइटचे मोकळे प्लॉट, गुडघाभर गवत. रस्ता ओलांडला की कापलेली हिरवळ आणि पाण्याचे फवारे. नवीन नकाशाने आम्हाला एकाच मतदारसंघात ठेवलंय. कागदावर.

ठाणेदारांना 2022ला मी मत दिलं. शेजारणीने दिलं नाही. तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "तो तुमच्याकडचा आहे म्हणून?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग मीही आमच्याकडचा म्हणूनच दिलं की. त्यात आमचे आठ होते, तेवढाच घोळ."

फणसपोळी

बघा! दिलंत ना मत? मराठी म्हणूनच ना?

ऑल्टर_रोड

हो. आणि 2024ला नाही दिलं. शेजारणीच्या गल्लीसाठी आमच्या एका अर्जाला उत्तर येईना, तेव्हा मराठीतून पत्र लिहून पाहिलं. तरी उत्तर नाही. कुणाच्या कार्यालयातून ते राहू दे, अशी सगळीकडचीच कथा.

शेंगदाण्याची_फोलं

मराठीतून अर्ज आणि उत्तर नाही. टिळकवाडीकर, तुम्हाला घरच्यासारखं वाटत असेल.

टिळकवाडीकर

आम्हाला उत्तर येतंय की. कानडीतून येतंय.

गणिती_गण्या

ओकलंडकरीण, एक दुरुस्ती माझ्याकडून. 2022ला ठाणेदारांना पडलेली मतं बावीस हजारांच्या घरात. पावणेआठ लाख वस्तीचा प्रतिनिधी बावीस हजारांत ठरला, कारण नोव्हेंबरात डेमोक्रॅट सत्तर टक्क्यांनी येणारच होता. सगळं ऑगस्टात संपतं. तुम्ही ट्रॉयवाल्यांनी खरंच तीन-चार हजार घरं तिकडे हलवली, तर फॉरवर्ड खरा होईल. फरकच तेवढा होता.

ओकलंडकरीण

हलवू की. आधी आमच्या मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमासाठी हॉल ट्रॉयला की कँटनला एवढं ठरवू दे. तीन महिने चर्चा चालू आहे, गट दोनच आहेत, तरी मतं फुटलीत.

ता.क. शाळेच्या ग्रुपवर मी हा सगळा धागा चिकटवला. वर्गमैत्रिणीचं उत्तर आलं: "छान माहिती. अख्खं वाचलं नाही अजून. तुझा खासदार कोण मग?"

आणि खरं सांगते, नाव पटकन आठवेना.