मदत हवी आहे: १७ वर्षांची आई बाळाला हातच लावत नाही

मी आशा सेविका, नंदुरबारकडच्या एका पाड्यावर. बाळ १४ दिवसांचं, जन्मतः २१०० ग्रॅम. दूध भरपूर आहे. पण पाजून झालं की बाळ सासूच्या मांडीवर आणि ही भिंतीकडे तोंड करून निजते. कांगारू पद्धतीने उराशी बांधायला शिकवलं. माझ्यासमोर करते, मी उंबरा ओलांडला की सोडते. ‘माझ्या हातून पडेल,’ एवढंच म्हणते. सासू प्रेमळ, पण सगळं स्वतःच उरकते (गोची तिथेच असावी). झोप-जेवण ठीक, जिवाचं बरंवाईट बोलत नाही, डॉक्टरांनाही दाखवलंय. वयाबद्दलची तक्रार नोंदवून झाली, तो विषय नको. पुढची भेट २१व्या दिवशी. सासूला न दुखवता दुपटं बदलणं, तेल लावणं, निजवणं यातलं कोणतं काम आधी हिच्या हाती सोपवू?